राहून गेलेले आणि लपवलेले : वाचकांचे प्रश्न

कन्सोलवरील गेमच्या डिस्कमध्ये किंवा कार्ट्रिजमध्ये असूनही खेळताना कधीच समोर न येणाऱ्या गोष्टींविषयी या वेळी बरीच पत्रे आली. त्यांतील सहा येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती. त्यांतील प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : माझ्या मुलाने मला एक चित्रफीत दाखवली. तिच्यात ‘द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम’ या गेममधील जंगलातल्या वस्तीवर एक अंतराळयान घिरट्या घालते आणि नायकावर मारा करते. तलवारी आणि पऱ्यांच्या जगात यान कोठून येणार? चित्रफीत बनावट आहे असे मी त्याला सांगितले, पण तो ऐकत नाही. आमच्यापैकी कोण बरोबर?

उत्तर : आपला मुलगा बरोबर आहे. ते यान ‘आर्विंग’ नावाचे असून ते निन्टेंडोच्याच ‘स्टार फॉक्स ६४’ या १९९७च्या गेममधील आहे. ‘ओकारिना’ १९९८मध्ये निन्टेंडो ६४ या कन्सोलसाठी आला. शत्रूवर नजर खिळवून त्याच्याभोवती फिरत लढण्याची, कंट्रोलरच्या झेड बटणावर चालणारी पद्धत हे त्या गेमचे मोठे वैशिष्ट्य होते. हवेत वेगाने वळणाऱ्या लक्ष्यावर ही नजर टिकते का, हे पाहण्यासाठी तयार करणाऱ्यांना एक उडते लक्ष्य हवे होते, आणि घरात तयार असलेले आर्विंग त्यासाठी आणले गेले. चाचणी संपली, यान मात्र कार्ट्रिजमध्येच राहिले. कन्सोल आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये बसवण्याचे ‘गेमशार्क’ नावाचे उपकरण वापरून योग्य कोड दिला की ते आजही उडते, मारा करते आणि पुरेसे वार बसले की कोसळते. त्या उपकरणाशिवाय नुसते खेळून ते कोणालाही दिसणार नाही. त्यामुळे आपला संशय चुकीचा असला तरी अवाजवी नव्हता.

ते काढून का टाकले नाही, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण उरलेल्या पाचही पत्रांत तो कोठे ना कोठे आहे, म्हणून त्याचे उत्तर येथेच सविस्तर देतो. गेममधील प्रत्येक पात्राला, वस्तूला आणि धुनेला एक क्रमांक असतो आणि प्रोग्रामचे उरलेले भाग त्या वस्तूला त्या क्रमांकानेच हाक मारतात. यादीच्या मधली एक नोंद उडवली तर तिच्या पुढची सगळी नोंदणी एकेक घर मागे सरकते, आणि ज्या ज्या ठिकाणी जुना क्रमांक लिहिलेला आहे त्या प्रत्येक ठिकाणी वेगळीच वस्तू उभी राहण्याचा धोका निर्माण होतो. शिवाय चाचणी झालेल्या गेममधून एक ओळ जरी वगळली तरी तो गेम चाचणी झालेला राहत नाही. ज्याने तपासणीचे शेवटचे आठवडे काढले आहेत, त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. कार्ट्रिजच्या काळात तर चिपमधील मजकूर कारखान्यातच पक्का होत असे आणि नंतर दुरुस्ती पाठवण्याची सोयच नव्हती. अशा वेळी निरुपयोगी वस्तू काढण्यापेक्षा तिच्याकडे जाणारी वाट बंद करणे हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. आपल्याला ज्यात गुपित दिसते, ते बहुतेक वेळा कोणाच्या तरी सावधगिरीचे अवशेष असतात.

याच्या उलट, जागा मोकळी करण्यासाठी खरोखरच काही काढले तर काय होते, याचे उदाहरण ‘पोकेमॉन’च्या पहिल्या जोडीत सापडते. फेब्रुवारी १९९६मध्ये जपानमध्ये आलेल्या त्या गेमचे कार्ट्रिज शेवटपर्यंत काठोकाठ भरलेले होते. तपासणीची साधने शेवटच्या टप्प्यात काढल्यावर सुमारे ३०० बाइट एवढी जागा सुटली, आणि शिगेकी मोरिमोतो या प्रोग्रामरने तेवढ्यात ‘म्यू’ हा १५१वा पोकेमॉन बसवला. तपासणी संपल्यानंतर गेमला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनाही माहीत होताच. म्यूच्या गूढाने पुढे त्या गेमच्या लोकप्रियतेला मोठा हातभार लावला, म्हणून आज आपण त्या धाडसाचे कौतुक करतो. त्याच ३०० बाइटांनी गेम बंद पडला असता तर कौतुकाचा प्रश्नच आला नसता.

प्रश्न : त्याच पोकेमॉनमधील ‘मिसिंगनो’ आणि पहिल्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील ‘उणे एक’ ही लेव्हल, या गोष्टी लपवलेल्या म्हणायच्या की राहून गेलेल्या?

उत्तर : दोन्हींची जात वेगळी आहे. १९८५च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील ती लेव्हल कोणी बनवलेलीच नाही. १-२ या लेव्हलच्या शेवटी भिंतीतून आरपार जाऊन, पडदा पुरेसा सरकण्याआधीच नळात शिरले, तर गेम त्या नळाचा पत्ता म्हणून ३६ हा निरर्थक आकडा वाचतो आणि आपल्याला ‘३६वे जग’ देतो. अक्षरांच्या तक्त्यात ३६व्या जागी कोरा चौकोन आहे, म्हणून पडद्यावर रिकामी जागा आणि पुढे ‘-१’ एवढेच उरते, आणि वाचणारा त्याला उणे एक म्हणतो. आत जे पाणी आहे ते दुसऱ्याच लेव्हलचे उसने घेतलेले आहे. याला चूक म्हणावे; त्यात लपवणे नाही आणि राहून जाणेही नाही.

मिसिंगनो मात्र मधल्या सीमेवर उभा आहे. त्याच्यापर्यंत पोचण्याची वाट ही चूकच आहे, पण पोचल्यावर जे भेटते ती तयार करणाऱ्यांनी ठेवलेली नोंद आहे. गेमच्या आतील यादीत १९० जागा आहेत आणि पोकेमॉन १५१च आहेत. उरलेल्या ३९ जागांवर ‘क्रमांक नाही’ अशा अर्थाची ही पाटी लावलेली आहे. मागच्या उत्तरात सांगितलेली, यादीतील घर रिकामे ठेवावे पण क्रम हलवू नये ही पद्धत येथे उघड्यावर दिसते.

खऱ्या अर्थाने लपवलेली वस्तू पाहायची असेल तर अटारी २६०० या कन्सोलवरील १९८०चा ‘ॲडव्हेंचर’ घ्यावा. गेम बनवणाऱ्याचे नाव छापायचे नाही असे अटारीचे धोरण होते. वॉरन रॉबिनेट यांनी ४ किलोबाइटच्या त्या कार्ट्रिजमध्ये एक ठिपका ठेवला, जो नेमक्या जागी नेल्यावर एक बंद खोली उघडते आणि तिच्यात त्यांचे नाव चमकते. एका मुलाने ती शोधून कंपनीला पत्र लिहिले तेव्हा रॉबिनेट नोकरी सोडून गेलेले होते. अशा वस्तूंना ‘इस्टर एग’ म्हणण्याची पद्धत त्याच प्रसंगातून रुळली. एवढ्या तुटपुंज्या जागेत स्वतःच्या नावासाठी जागा काढणे, हे मला व्यक्तिशः त्या काळातील सर्वांत नीटनेटके बंड वाटते.

प्रश्न : हे सगळे लोक शोधतात तरी कसे? गेम तर बंद डबीसारखा असतो.

उत्तर : डबी बंद असते, पण ती फोडावी लागत नाही, तिची प्रत काढून ती निवांत वाचता येते. सुरुवातीला साधन होते ते गेमशार्क, ॲक्शन रिप्ले यांसारखी उपकरणे. गेम चालू असताना कन्सोलच्या स्मृतीतील एखाद्या घरातील आकडा ती बदलतात. सध्याच्या लेव्हलचा क्रमांक कोणत्या घरात आहे हे कळले की तेथे एकामागून एक आकडे घालून पाहायचे. बहुतेक आकड्यांवर ओळखीची लेव्हल उघडते, काहींवर गेम गोठतो, आणि क्वचित एखाद्या आकड्यावर अशी खोली उघडते जिच्याकडे गेममधील कोणतेच दार जात नाही. ‘फायनल फँटसी ७’ या १९९७च्या गेममधील तपासणीची खोली अशाच मार्गाने पाहता येते. कथेतील पात्रे तेथे ओळीने उभी असतात आणि त्यांच्याशी बोलले की गेममधील हव्या त्या प्रसंगावर उडी मारता येते.

पुढे एम्युलेटर, म्हणजे एका यंत्राचे गेम दुसऱ्या यंत्रावर चालवणारे प्रोग्राम, आले आणि काम बरेच सोपे झाले. आता चित्रांचे तुकडे, संवादांच्या यादीतील कोठेही न वापरलेल्या ओळी आणि ध्वनिफिती थेट बाहेर काढता येतात. डिस्कवरील गेममध्ये फायलींना नावे असतात आणि ती फार बोलकी असतात. ‘टेस्ट’, ‘जुने’, ‘डेमो’ अशा अर्थाच्या नावांनी सुरू होणारी फाइल अनुभवी शोधक सर्वांत आधी उघडतो. एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी आणि युरोपीय आवृत्त्या शेजारी ठेवून त्यांतील फरक पाहणे हेही जुने आणि खात्रीचे तंत्र आहे.

कधी कधी हे सगळे करूनही वर्षे जातात. ‘गोल्डनआय ००७’ हा गेम रेअर या कंपनीने १९९७मध्ये काढला. त्याच्या आत झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचे एम्युलेटर आणि त्यावरचे, त्याच कंपनीने आपल्या आधीच्या नावाने काढलेले दहा गेम होते. निन्टेंडो ६४वर असे एम्युलेटर चालू शकते का, हे पाहण्याचा तो प्रयोग होता; तो बंद केला गेला, काढला गेला नाही, आणि उघडकीला आला तो २०१२मध्ये. लाखो घरांत पंधरा वर्षे तो दिवाणखान्यातील फडताळावर पडून होता. निन्टेंडोच्या गेमक्यूब या कन्सोलवरील ‘ॲनिमल क्रॉसिंग’मधील गोष्ट त्याहून गमतीची आहे. त्यात गावातील घरात ठेवलेल्या छोट्या कन्सोलवर एनईएस या निन्टेंडोच्या जुन्या कन्सोलचे गेम खेळता येतात, हे सर्वांना माहीत होते; पण तेच एम्युलेटर मेमरी कार्डवर ठेवलेला बाहेरचा गेमही उचलू शकते, हे २०१८मध्ये कोणीतरी कोड ओळीने वाचल्यावर कळले.

शोध नेहमी दुकानात मिळणाऱ्या प्रतीतच लागतो असेही नाही. जानेवारी २०२१मध्ये ‘एफ-झीरो एक्स’ या शर्यतीच्या गेमचे एक विकसनासाठीचे कार्ट्रिज तपासले गेले. कार्ट्रिज ३२ मेगाबाइटचे, गेम १६ मेगाबाइटचा. पाटीवर नवे लिहिताना अर्धीच पुसावी तसे झाले होते : उरलेल्या अर्ध्या भागात आधीचा मजकूर तसाच होता, आणि तो होता ‘ओकारिना ऑफ टाइम’च्या १९९७च्या, अपुऱ्या अवस्थेतील आवृत्तीचा. त्या अवस्थेविषयी तोवर मासिकांतील छायाचित्रांसारख्या साधनांवरून अंदाज बांधले जात होते.

प्रश्न : न वापरलेल्या गोष्टी डिस्कवर राहिल्याने कोणाचे नुकसान होते का? माझ्या मते ही केवळ हौशी लोकांची करमणूक आहे.

उत्तर : बहुतेक वेळा आपले म्हणणे खरे आहे. पण एका प्रकरणाने या उद्योगाचे नियमच बदलले. ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : सॅन अँड्रियास’ हा गेम ऑक्टोबर २००४मध्ये प्लेस्टेशन २साठी आला. त्यात नायक आणि त्याची मैत्रीण यांच्यातील लैंगिक प्रसंगाचा एक छोटा खेळ बनवलेला होता. प्रकाशनापूर्वी तो वगळण्याचे ठरले, आणि वगळला म्हणजे त्याच्याकडे जाणारी वाट बंद केली. प्रसंग डिस्कवरच राहिला. जून २००५मध्ये संगणकावरील आवृत्ती आल्यानंतर लवकरच एका हौशी प्रोग्रामरने ती वाट पुन्हा उघडणारा बदल प्रसिद्ध केला. हे बाहेरच्यांनी घुसडलेले काम आहे, अशी गेम काढणाऱ्या कंपनीची पहिली भूमिका होती. ती टिकली नाही, कारण प्लेस्टेशनच्या मूळ डिस्कवरही नुसत्या गेमशार्कसारख्या चीट उपकरणाने तोच प्रसंग उघडता येत होता, आणि डिस्कवर जे नाही ते उपकरण दाखवू शकत नाही. २० जुलै २००५ रोजी अमेरिकेतील ईएसआरबी या श्रेणी देणाऱ्या संस्थेने गेमची श्रेणी ‘सतरा वर्षांवरील’ऐवजी ‘केवळ प्रौढांसाठी’ केली, मोठ्या दुकानांनी तो मांडणीवरून उतरवला, आणि ऑस्ट्रेलियात त्याचे वर्गीकरणच रद्द झाले. त्यानंतर ईएसआरबीने प्रकाशकांना स्पष्ट सांगितले की, खेळणाऱ्याला दाखवण्याचा हेतू असो वा नसो, डिस्कवर असलेला आणि श्रेणीवर परिणाम करू शकणारा आशय उघड करावाच लागेल.

माझे मत विचाराल तर संस्थेचा नियम रास्त आहे, पण त्या वेळी झालेला गहजब मात्र अर्धवट माहितीवर उभा होता. एखादी गोष्ट बंद करून ठेवणे ही या व्यवसायातील रोजची रीत आहे. चूक झाली ती असा आशय त्या रीतीने हाताळण्यात आणि नंतर हात झटकण्यात.

निष्काळजीपणाचे त्याहून सरळ उदाहरण पहिल्या प्लेस्टेशनवरील ‘टायगर वूड्स ९९’ या गोल्फच्या गेमचे आहे. डिस्कवरील मोकळी जागा भरण्यासाठी निरर्थक मजकुराची एखादी फाइल घालण्याची पद्धत असते. येथे कोणीतरी त्या जागी ‘साउथ पार्क’ मालिकेच्या जन्माआधी फिरत असलेली एक शिवराळ व्यंगचित्रफीतच ठेवून दिली. गेममध्ये ती कोठेच दिसत नव्हती, पण डिस्क संगणकात घातली की पाहता येत होती. जानेवारी १९९९मध्ये कंपनीला डिस्क परत मागवाव्या लागल्या.

प्रश्न : मी विकत घेतलेल्या डिस्कवरच जर एखादे पात्र असेल, तर ते उघडण्यासाठी कंपनी माझ्याकडून पुन्हा पैसे कसे घेऊ शकते?

उत्तर : आपण नाव घेतले नाही तरी हा राग जोरात उफाळला तो मार्च २०१२मध्ये आलेल्या ‘स्ट्रीट फायटर एक्स टेकेन’वर. त्या गेमच्या डिस्कवर बारा लढवय्ये पूर्ण तयार अवस्थेत कुलूपबंद होते आणि काही महिन्यांनी ते वेगळे विकले जाणार होते. पात्र विकत घेतलेल्या आणि न घेतलेल्या खेळाडूंना एकमेकांशी खेळता यावे, म्हणून सगळ्यांकडे तोच मजकूर असणे सोयीचे, असे गेम काढणाऱ्या कॅपकॉम या कंपनीचे स्पष्टीकरण होते. तांत्रिकदृष्ट्या ते खोटे नाही. मात्र हा प्रकार वरच्या एकाही उत्तरात बसत नाही. आर्विंग राहिले ते काढण्यात धोका होता म्हणून. हे बारा जण ठेवले गेले ते विकण्यासाठी. त्याला राहून गेलेला आशय म्हणणे म्हणजे दुकानदाराने गल्ल्यामागे ठेवलेल्या मालाला विसरलेला माल म्हणण्यासारखे आहे. आपली तक्रार किमतीविषयीची आहे आणि ती त्याच नावाने करावी.

प्रश्न : वगळलेला भाग परत जोडून बनवलेली आवृत्ती हीच गेमची खरी आवृत्ती मानावी का? आणि ‘सुपर मारिओ ६४’मध्ये लुइजी होता की नव्हता?

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेतो. त्या गेममधील किल्ल्याच्या अंगणात एका पुतळ्याखाली धूसर अक्षरांची पाटी आहे. ती ‘एल इज रिअल २४०१’ अशी वाचून, मारिओचा भाऊ लुइजी आत कोठेतरी लपलेला आहे अशी समजूत पसरली आणि कार्ट्रिजचा कोपरा न् कोपरा धुंडाळला गेला. तेथे लुइजी नव्हता. जुलै २०२०मध्ये निन्टेंडोच्या अंतर्गत फायली बाहेर फुटल्या, तेव्हा त्यांत लुइजीच्या आकृतीचे भाग सापडले. म्हणजे तयारीच्या काळात तो होता, विकलेल्या गेममध्ये नव्हता. गेम जपानमध्ये आला त्या जून १९९६पासून जुलै २०२०पर्यंत चोवीस वर्षे आणि एक महिना होतो, म्हणून पाटीवर २४०१ लिहिले होते, असे सांगणारेही लगेच भेटले. पराचा कावळा करण्याची ही कला गेमइतकीच जुनी आहे. एवढ्या धूसर अक्षरांत ज्याला जे हवे ते वाचता येते.

आता पहिला प्रश्न. ‘नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २’ हा स्टार वॉर्सच्या जगातील गेम डिसेंबर २००४मध्ये एक्सबॉक्सवर घाईने आला आणि त्याचा शेवट तुटक राहिला, हे खेळलेल्या प्रत्येकाला जाणवले. अनेक वगळलेल्या प्रसंगांचे रेकॉर्ड केलेले संवाद फायलींत शिल्लक होते. चाहत्यांनी संगणकावरील आवृत्तीत ते धीराने जोडले. यंत्रमानवांच्या कारखान्याचा जवळजवळ हरवलेला भाग त्यामुळे खेळता येऊ लागला. हे काम मी मोठे मानतो. पण ते करणाऱ्यांना ठिकठिकाणी निर्णय घ्यावे लागले : दोन संवादांमध्ये पात्र कोठे उभे असेल, कोणता प्रसंग आधी येईल, तुटलेला धागा कोठे बांधायचा. एका संपूर्ण ग्रहाचा भाग तर इतका थोडा उरला होता की त्यात त्यांना स्वतःची भर मोठ्या प्रमाणावर घालावी लागली, आणि तो त्यांनी प्रामाणिकपणे वेगळा ठेवला. २०२२मध्ये निन्टेंडोच्या स्विच या कन्सोलवर हा गेम आणताना प्रकाशकाने जोडलेला आशयही देण्याचे जाहीर केले होते. जून २०२३मध्ये ते रद्द झाले.

लेखकाच्या कागदांत खोडलेला परिच्छेद सापडला तर तो तळटीपेत छापावा, मुख्य मजकुरात घुसवू नये, असा संपादनाचा साधा संकेत आहे. खोडण्यामागे वेळेची टंचाई असेल किंवा तो परिच्छेदच फसलेला असेल. खोडरेघेवरून यांतले काय ते कळत नाही. ‘सॉनिक द हेजहॉग २’ या १९९२च्या गेममधील ‘हिडन पॅलेस’ या विभागाकडे मी याच नजरेने पाहतो. प्रकाशनापूर्वीच्या आवृत्तीत त्याचा सुरुवातीचा भाग होता, विक्रीच्या कार्ट्रिजमध्ये त्याचे तुकडे उरले, आणि ध्वनिचाचणीच्या मेनूत एक धून अशी होती जी खेळताना कोठेच वाजत नसे. २०१३मध्ये मोबाइलवरील नव्या आवृत्तीत हा विभाग पूर्ण करून अधिकृतपणे देण्यात आला. तो सुरेख आहे आणि आपण तो जरूर खेळावा. मात्र त्याचा पुढचा सगळा रस्ता २०१३मध्ये आखलेला आहे. १९९२च्या कार्ट्रिजमध्ये त्या रस्त्याचा आराखडा नव्हता.